हार्ड डिस्कचा धंदा वाढणार की आटणार, हे कसं बघायचं

पहिलं म्हणजे किती नग विकले ते बघत बसू नका. लॅपटॉपमध्ये एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली साठवण) आल्यापासून नग घटतच चाललेत, मागणी आहे ती डेटा सेंटरवाल्यांची आणि ती मोजायची एक्साबाइटमध्ये (एक एक्साबाइट म्हणजे दहा लाख टेराबाइट). सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या दर तिमाहीला हा आकडा देतात, त्यात ‘निअरलाइन’ (डेटा सेंटरसाठीच्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क) वेगळं काढा, खरा माल तिथेच आहे (तिसरी तोशिबा, बस, एवढेच उरलेत).

आता सुटे भाग, खरी गंमत इथे आहे. एका ड्राइव्हला मोटर एकच लागते, मग आत प्लॅटर (डेटा साठवणाऱ्या फिरत्या चकत्या) 2 असोत की 10, पण हेड (डेटा लिहिणारा-वाचणारा भाग) प्लॅटरच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे 10 प्लॅटर म्हटले की हेड 20! म्हणजे नग घटले की निडेकसारख्या मोटरवाल्याला फटका, पण टीडीकेचे हेड मात्र तेवढ्या प्रमाणात घटतीलच असं नाही. सीगेटने 2024 मध्ये आणलेल्या हामर (HAMR) ड्राइव्हमध्ये डेटा लिहिताना लेझरने प्लॅटर तापवतात, असा प्लॅटर काचेचा लागतो, म्हणून ही काच बनवणाऱ्या होयावरही लक्ष ठेवा.

आणि हो, 2011 मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले तेव्हा भाव कसे भडकले होते आठवतंय ना? तसली भाववाढ मागणी समजून मोजू नका.