एनपीएमची पॅकेजं कमांड लाइनवरून नीट कशी सांभाळायची

एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, उतरवून प्रोजेक्टमध्ये बसवणारं साधन. नवा प्रोजेक्ट हातात आला की सगळे पहिल्यांदा टर्मिनल उघडून एनपीएम इन्स्टॉल मारतात, आणि बहुतेक वेळा ते चालून पण जातं, पण "माझ्या मशीनवर चालतंय, सर्व्हरवर का नाही" ही जी तक्रार असते ना तिचं मूळ बरेचदा तिथेच असतं. म्हणून आधी दोन फाइल्स समजून घ्या, कमांड्स नंतर पटापट जमतात.

पहिली पॅकेज डॉट जेसन. यात आपल्याला काय हवंय ते असतं, पण नेमकं व्हर्जन नसतं, रेंज असते. ^४.१७.१ म्हणजे ४.१७.१ किंवा त्याच्या पुढचं काहीही, फक्त ५ च्या आत. ~४.१७.१ म्हणजे ४.१८ च्या आत. आणि व्हर्जन शून्याने सुरू होत असेल तर कॅरेट (^ ही खूण) पण आखडतं घेतं, ^०.२.३ हे ०.३ च्या आतच थांबतं, कारण अशा पॅकेजमध्ये छोट्या अपडेटला पण मोडतोड होऊ शकते असं धरलेलं असतं.

दुसरी पॅकेज-लॉक डॉट जेसन, जी २०१७ मध्ये एनपीएम ५ सोबत आली. प्रत्येक पॅकेजचं, त्याने ओढून आणलेल्या पॅकेजचं, आणि त्यांच्याही खालच्या सगळ्यांचं नेमकं व्हर्जन, कुठून उतरवलं तो पत्ता आणि तपासायला हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा), सगळं यात. ही फाइल गिटमध्ये कमिट करायचीच. "फार मोठी आहे, डिफ वाचता येत नाही" म्हणून तिला गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइल्सच्या यादीत) टाकणारे लोक दिसतात, कृपा करून असं करू नका, तिथे नोड मॉड्युल्सचं फोल्डर टाका, ज्यात उतरवलेली पॅकेजं असतात.

आता रोजची सवय. रेपो नुकताच क्लोन केलाय, किंवा सर्व्हरवर बिल्ड चाललंय, तर एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय चालवा. ही कमांड जुनं नोड मॉड्युल्स पूर्ण उडवते आणि लॉक फाइलमध्ये जे लिहिलंय तेच आणते, आणि दोन फाइल्स एकमेकींशी जुळत नसतील तर स्वतःच्या मनाने काही न बदलता एरर देऊन थांबते. थांबते हेच चांगलं आहे.

याचं महत्त्व सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. चॉक, डीबग अशी जगभर वापरली जाणारी पॅकेजं सांभाळणाऱ्या माणसाला एनपीएमच्या नावाने खोटा मेल आला, त्याचं अकाउंट गेलं, आणि क्रिप्टो वॉलेटचे व्यवहार वळवणारा कोड घातलेली व्हर्जन्स रजिस्ट्रीवर, म्हणजे एनपीएम जिथून पॅकेजं उतरवतं त्या साठ्यावर चढली. काही तासांत ती काढली गेली, पण तेवढ्या वेळात ज्यांच्या बिल्डने रेंजमधलं सगळ्यात नवीन उचललं त्यांना धोका होता, जुनी लॉक फाइल धरून एनपीएम सीआय चालवणाऱ्यांच्या बिल्डमध्ये ती व्हर्जन्स आलीच नाहीत.

नवीन पॅकेज घालायचं असेल तर एनपीएम इन्स्टॉल आणि पुढे नाव. टेस्टिंग, लिंटिंगची (कोडमधल्या चुका शोधणारी) हत्यारं असतील तर सोबत --सेव्ह-डेव्ह, म्हणजे प्रॉडक्शनला --ओमिट=डेव्ह देऊन ती वगळता येतात. रेंज नकोच असेल तर --सेव्ह-एक्झॅक्ट. पण घालायच्या आधी एनपीएम व्ह्यू करून बघा, त्याच्या स्वतःच्या डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारी इतर पॅकेजं किती, शेवटचं व्हर्जन कधी आलं. पाच-दहा ओळींचं काम असेल तर स्वतः लिहा, मनापासून सांगतोय. लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज मार्च २०१६ मध्ये लेखकाने काढून घेतलं तर बेबल, रिॲक्टवाल्यांची पण बिल्ड्स फुटली होती.

अपडेट मुद्दाम वेळ काढून करायचं, दुसऱ्या कामाच्या मध्ये नाही. एनपीएम आउटडेटेड मारलं की तीन रकाने महत्त्वाचे: करंट म्हणजे आत्ता आहे ते, वॉन्टेड म्हणजे तुमच्या रेंजमध्ये बसणारं सगळ्यात नवीन, लेटेस्ट म्हणजे लेखकाने लेटेस्ट म्हणून लावलेलं. एनपीएम अपडेट फक्त वॉन्टेडपर्यंत नेतं, मोठी उडी मारायची असेल तर एनपीएम इन्स्टॉल, नाव आणि त्याला चिकटून @लेटेस्ट. मोठी उडी एका वेळी एकाच पॅकेजची, चेंजलॉग वाचायचा, टेस्ट चालवायच्या, वेगळी कमिट. सगळी एकदम वर नेली आणि काही फुटलं तर नेमकं कोणामुळे ते शोधण्यात दिवस जातो.

एनपीएम ऑडिट ही कमांड पॅकेजंमधल्या माहीत असलेल्या सुरक्षेच्या त्रुटी दाखवते, तिची लाल यादी बघून घाबरून जाऊ नका आणि लगेच ऑडिट फिक्सला --फोर्स पण लावू नका, तो तुमच्या रेंजबाहेरचं मोठं व्हर्जन पण बसवू शकतो. आधी एनपीएम एक्सप्लेन आणि पॅकेजचं नाव टाका, ते कोणामुळे आत आलंय ती पूर्ण साखळी दिसते, बरेचदा ते फक्त टेस्टच्या हत्याराखाली लपलेलं असतं. मधल्या पॅकेजवाला अपडेट करतच नसेल तर पॅकेज डॉट जेसनमध्ये ओव्हरराइड्स लिहून आतलं व्हर्जन आपण ठरवू शकतो, पण का लिहिलं ते कमिट मेसेजमध्ये नोंदवा आणि गरज संपली की काढा.

नको असलेलं पॅकेज हाताने फाइलमधून पुसू नका, एनपीएम अनइन्स्टॉल करा, दोन्ही फाइल्स एकदम जुळवल्या जातात.

आणि मर्ज करताना लॉक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर ती ओळ-ओळ बघत बसायची गरज नाही. पॅकेज डॉट जेसनमधला कॉन्फ्लिक्ट तेवढा हाताने सोडवा, मग एनपीएम इन्स्टॉल --पॅकेज-लॉक-ओन्ली चालवा, लॉक फाइल एनपीएम स्वतः जुळवून देतं. मग एनपीएम सीआय, टेस्ट, आणि पुश.