रेडिओवाल्या काकांचे अल्बम : जुन्या फोटोंचं काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

पदवीनंतर मला पहिलं काम मिळालं ते परभणीत, आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या घरी. अकरा अल्बम स्कॅन करायचे आणि प्रत्येक फोटोची नोंद ठेवायची. कुस्तीचे फड, कबड्डीचे सामने, घरच्यांची वेरूळची सहल, बांधावर बसून शेतकऱ्याशी केलेली बातचीत, सगळं एकत्र.

माझ्या हातून झालेली चूक तुम्ही करू नका. पहिल्याच दिवशी मी एका अल्बममधले फोटो सुटे करून खेळ, सहल, शेती असे गठ्ठे लावले. संध्याकाळी काकांनी ते पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, माळेगावच्या जत्रेत कुस्त्यांसाठी गेलो, तेव्हाच लेकरांना घोड्यांचा बाजार दाखवला. हे एकाच दिवसाचे फोटो आहेत." क्रम परत लावायला चार दिवस गेले. सात फोटोंची जागा सापडलीच नाही. तेव्हापासून आधी अख्ख्या पानाचा फोटो घेते, पानाला क्रमांक देते, मगच फोटोला हात लावते.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, वरचा थर सुटतो. डेंटल फ्लॉस फोटोखालून अलगद मागंपुढं सरकवा. तरी निघेना, तर पानासकट स्कॅन करा. ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइल (हिच्यात फोटोचा तपशील गळत नाही). पाठीमागं काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करायचं.

तारीख नसेल तर पाट्या वाचा. 'औंढा नागनाथ, जि. परभणी' दिसलं की फोटो बहुधा मे १९९९ पूर्वीचा, कारण हिंगोली जिल्हा तेव्हा झाला. लातूरसमोर 'जि. उस्मानाबाद' असेल तर १९८२ च्या आधीचा. खेळाडूंच्या बनियनवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' असेल तर जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराआधीचा. पण पाटी काही लगेच रंगवत नाहीत आणि बनियन तर वर्षानुवर्षं वापरतात, म्हणून वर्षाआधी 'अंदाजे' लिहाच.

आणि माणसाजवळ बसा. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. रेडिओवर टेप पुसून पुन्हा वापरायचे, त्यामुळं कित्येक मुलाखतींचा आज फोटोच काय तो उरलाय. एका फोटोत म्हातारे शेतकरी बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे आहेत, समोर काका, माईकला रुमाल गुंडाळलेला. पाठीमागं निळ्या शाईत दोनच वाक्यं : 'वारं फार. टेप वाया.'

मी विचारलं, ते काय सांगत होते? काकांनी चष्मा काढून ठेवला आणि लाल कंधारी बैल कसा पारखायचा ते त्या आजोबांच्या बोलीत, त्यांच्यासारखंच थांबत थांबत सांगायला लागले. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. अकरा मिनिटं झाली. फोटोचा जो क्रमांक, त्याच क्रमांकानं ती फाइल ठेवली आहे.