सुट्टीत गच्चीवर सिनेमा: पडद्याचं नंतर बघा, आधी आवाज लावा

गच्चीवर सिनेमा कसा दाखवावा याचे जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांत सगळी चर्चा पडद्याची असते. आवाजाच्या वाट्याला एक वाक्य येतं: ‘चांगला ब्लूटूथ स्पीकर जोडून घ्या.’ हा सल्ला देणाऱ्यांनी मे महिन्यात परभणी नाहीतर बीडकडच्या एखाद्या गच्चीवर आजीपासून नातवापर्यंत वीसेक माणसं बसवावीत आणि एक तरी सिनेमा शेवटपर्यंत दाखवावा. चित्र जरा फिकं असलं म्हणून कोणी उठत नाही. संवाद कळेनासे झाले की मात्र अर्ध्या तासात पोरांची पळापळ सुरू होते, बायका खाली निघून जातात आणि मामालोक सतरंजीवरच घोरायला लागतात.

तेव्हा आवाजावर सावकाश बोलता यावं म्हणून पडदा-प्रोजेक्टरचं पटकन उरकून घेऊ.

पडदा आणि प्रोजेक्टर

जिन्याच्या खोलीची नाहीतर पाण्याच्या टाकीखालची भिंत पांढरी असेल तर पडदा विकत घेऊ नका. भिंत मळली असेल तर चुन्याचा एक हात मारा. चादर बांधायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटतो, चादर फडफडते आणि नायकाचं नाक कानाला जाऊन लागतं. शिवाय पातळ चादरीतून निम्मा उजेड पलीकडे जातो. भिंत नसेलच तर फ्लेक्स छापणाऱ्याकडून कोरा पांढरा फ्लेक्स आणा. चकाकणारा नको, मॅट मागा. वर-खाली दोन बांबू घालून ताणून बांधा. भाऊंच्या वाढदिवसाचा जुना बॅनर उलटा करून लावायची कल्पना कुणाला तरी सुचतेच, पण मागे दिवा असला की भाऊ पडद्यातून हसताना दिसतात.

प्रोजेक्टर घेताना खोक्यावरच्या ‘१०,००० लुमेन’वर विश्वास ठेवू नका. ‘अ‍ॅन्सी लुमेन’ म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड किती ते विचारा. पूर्ण अंधारात सहा-सात फूट रुंद चित्रासाठी दोनशे-तीनशे अ‍ॅन्सी लुमेन पुरतात. एवढ्या चित्रासाठी बहुतेक प्रोजेक्टर आठ-नऊ फूट मागे ठेवावा लागतो, म्हणजे तो माणसांच्या मधोमध येतो. त्याच्याभोवती मोठी माणसं बसवा, पोरं नकोत. वायर कोणाच्या तरी पायात येतेच.

मोबाइलचा स्क्रीन प्रोजेक्टरवर पाठवला की बऱ्याच ओटीटी अ‍ॅपमध्ये चित्र काळं पडतं आणि नुसता आवाज येतो. प्रोजेक्टर बिघडलेला नसतो, चोरी रोखण्यासाठीची ती सोय असते. टीव्हीला लावतो ती स्टिक सरळ प्रोजेक्टरच्या एचडीएमआयला लावा. गावाकडे नेट कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको, दुपारीच एकदा लावून बघा.

वेळ

मेमध्ये आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य मावळतो, चित्र नीट दिसायला पावणेआठ होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. हातात राहिले सव्वादोन तास. दिवाळीच्या सुट्टीत पावणेसहाच्या आसपासच मावळतं, साडेसहाला सुरू करता येतं आणि सव्वा तास जास्तीचा मिळतो. हा हिशेब लक्षात ठेवा, सिनेमा निवडताना लागणार आहे.

आवाज

आता खरं काम. या आवाजानं मला पुष्कळ छळलंय, म्हणून इथे घाई करणार नाही.

गच्चीवरची नेहमीची अडचण अशी असते: गाणं लागलं की शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जातं, आणि आई-मुलाचा हळू आवाजातला प्रसंग आला की काही कळत नाही. आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी मारामारी सुरू होते आणि सगळे कान झाकतात. सिनेमाभर एक माणूस रिमोट घेऊन वर-खाली करत बसतो. हा स्पीकर लहान असल्याचा दोष नव्हे, तरीही लोक जाऊन आणखी मोठा स्पीकर आणतात.

बहुतेक सिनेमांचा आवाज थिएटरसाठी सहा वाटांत विभागलेला असतो, ५.१ म्हणतात ते. डावी, उजवी, मधली, मागच्या दोन आणि नुसत्या धमधमीसाठी एक. संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाटेनं येतात. तुमच्याकडे स्पीकर एक किंवा दोन. सहा वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबताना काही यंत्रं मधली वाट दाबून टाकतात, म्हणजे नेमके संवादच दबतात. शिवाय थिएटरच्या शांततेसाठी ठेवलेला हळू आणि मोठ्या आवाजातला फरक जसाच्या तसा गच्चीवर येतो. तिथे कुत्री भुंकत असतात, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असतो.

उपाय सेटिंगमध्ये आहे. अ‍ॅपच्या ऑडिओच्या यादीत ‘स्टिरिओ’ असा पर्याय असेल तर ५.१ सोडून तो निवडा. नसेल तर स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’वर टाका. तिथेच ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग’ वाढवायची सोय असली तर चालू करा. मोठे आवाज थोडे दबतात, बारीक आवाज वर येतात. एवढ्यानं निम्मं दुखणं जातं आणि पैसा एक लागत नाही.

दुसरं, स्पीकर. लग्नाच्या वरातीसारखे दिवे लुकलुकणारे पार्टी स्पीकर सध्या घरोघरी आहेत. ते गाण्यांसाठी बनवलेले असतात, धमक भरपूर आणि मधला आवाज पोकळ. माणसाचं बोलणं कळतं ते त्या मधल्या आवाजामुळे. असाच स्पीकर असेल तर बास बूस्ट बंद करा, इक्वलायझरमध्ये बास खाली आणि मधली पट्टी जरा वर. दिवेही बंद, पोरं पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघत बसतात. आणि स्पीकर जमिनीवर ठेवू नका, कोपऱ्यात तर मुळीच नको. जमीन आणि भिंत मिळून धमक वाढवतात, त्यात संवाद बुडतो. स्टुलावर ठेवा, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर.

तिसरं, अंतर. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, कारण परतवायला छत नसतं. त्यामुळे एक मोठा स्पीकर पडद्यापाशी लावून शेवटच्या रांगेला ऐकवायचं म्हटलं तर पहिल्या रांगेचे कान जातात. दोन लहान स्पीकर घ्या, पडद्यापासून थोडे पुढे दोन बाजूंना ठेवा आणि तोंडं माणसांच्या मधोमध वळवा. यात खर्च कमी आणि शहाणपणा जास्त. एकच असेल तर पडद्याच्या बरोबर खाली ठेवा, नाहीतर नायिका पडद्यावर बोलते आणि आवाज टाकीमागून येतो.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मागे खुर्चीवर बसवायची आपल्याकडे रीत आहे. मान म्हणून ठीक, सिनेमासाठी चूक. आजीला पुढे, स्पीकरच्या जवळ बसवा. ती मागे बसली की काय होतं ते प्रत्येक घरानं पाहिलंय. आजी विचारते, “काय म्हनला रं त्यो?” एक नातू सांगतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो, आत्या म्हणते “गप बसा की रे,” आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. मग आत्याच विचारते, “आता काय म्हणला?”

चौथं, घुमणं. पडद्याच्या समोर, माणसांच्या मागे उंच कठडा किंवा शेजारच्या घराची उघडी भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत येतो. पडद्यापाशी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट ऐकू आलं तर समोरच्या कठड्यावर दोन-तीन जाड वाकळा टाका. उन्हाळ्यात त्या तशाही कोणी पांघरत नाही.

पाचवं, ब्लूटूथ. व्हिडिओवाल्यांचा हा लाडका सल्ला मला अजिबात पटत नाही. ब्लूटूथनं आवाज सेकंदाचा पाचवा-सहावा भाग उशिरा पोचतो. गाण्यात ते खपून जातं. बोलताना ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण मन लागत नाही. पाच मीटरची ऑक्स वायर (हेडफोनच्या भोकात बसते ती) आणा, विषय संपला. ब्लूटूथशिवाय गत्यंतरच नसेल आणि विंडोजच्या लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये सिनेमा लावला असेल, तर ‘जे’ हे बटण एकेकदा दाबत जा. दर वेळी आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे सरकतो. जास्त झालं तर ‘के’.

वायर लावल्यावर स्पीकरमधून भुणभुण आली तर प्रोजेक्टर आणि स्पीकर वेगवेगळ्या प्लगांतून काढून एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बहुतेकदा थांबते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर भुणभुण सुरू झाली तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे असं समजा. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही. लहान एलईडी प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर मिळून घरच्या इन्व्हर्टरला फारसा भार नसतो, सिनेमा पूर्ण होतो.

आणि कूलर. गच्चीवर कूलर चढवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, पण सांगतो: कूलरची घरघर नेमकी संवादांच्या आवाजावर बसते. तुम्ही स्पीकर वाढवता, कूलर त्यालाही खातो. साधा टेबल फॅन कडेला लावा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ती थंड करा, असंही सुचवतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या दिवसांत सिनेमासाठी स्लॅबवर पाणी ओतायचा सल्ला इथल्या माणसाला कोणी देऊ नये. स्लॅबला उन्हाळ्याच्या आधी चुना मारून घ्या, तापणं पुष्कळ कमी होतं.

शेवटी तपासणी. गाणं लावून आवाज तपासू नका, गाणं कुठल्याही स्पीकरवर बरंच वाटतं. त्या रात्रीच्याच सिनेमातला एखादा कुजबुजीचा प्रसंग लावा, शेवटच्या रांगेच्या जागी कोणाला तरी बसवा आणि ऐकलेलं वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. त्याला म्हणता आलं की आवाज तिथेच सोडा आणि रिमोट कोणाच्या हातात देऊ नका.

सिनेमा कोणता

मतदान घेऊ नका. रोज एकानं ठरवायचं, बाकीच्यांनी बघायचं. एक दिवस आजोबांचा, एक दिवस पोरांचा. आजोबांना जुन्या हिंदी सिनेमांतली उर्दू जड जाईल अशी काळजी करू नका. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या शाळा उर्दूत चालायच्या, घरातल्या जुन्या माणसांच्या कानाला ती भाषा सरावाची आहे. नातवंडांना न कळलेले शब्द तेच समजावून सांगतात. मराठीत ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) दीड तासाच्या आसपास संपतो, सात वर्षांच्या पोरालाही कळतो आणि त्यातलं पंढरपूर बहुतेक घरांत कोणी ना कोणी पाहिलेलं असतं. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सगळ्यांना पाठ असतो, म्हणून पहिल्या रात्री तोच लावा. आवाजात काही कमी राहिलं तरी माणसं संवाद स्वतःच म्हणतात.

‘शोले’ (१९७५) साडेतीन तासांच्या जवळ जातो, ‘लगान’ (२००१) पावणेचार तासांच्या. मेमध्ये दहाच्या आत हे बसत नाहीत. मध्यंतराला थांबवा आणि दोन रात्रींत दाखवा. दुसऱ्या रात्री कोणीही उशिरा येत नाही.

लहान पोरं असतील तर प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनानं बघायच्या) सिनेमांमध्येही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे वेगळे टप्पे आहेत. थिएटरात चोरून चित्रित केलेल्या प्रती आणू नका. ती चोरी तर आहेच, पण त्यातला आवाज दुसऱ्याच्या खोकल्यासकट असतो, त्यावर वर लिहिलेला एकही उपाय चालत नाही. आणि हे सगळं घरच्या माणसांपुरतं. चौकात, मंडळाच्या मांडवात सिनेमा लावायचा तर हक्क असणाऱ्यांची रीतसर परवानगी लागते.

खाणं

कुरकुरीत पाकिटं वर न्यायची नाहीत. दहा पोरांनी दहा पाकिटं चुरगाळली की संवाद गेलेच. चुरमुरे भिजवून सुशीला करा, परातीतून वाट्यांत वाढा. पन्हं आधी किंवा नंतर. शेंगा भाजून ठेवल्या असतील तर त्या फोडायच्या मध्यंतरात.