स्टिअरिंग चटपटीत करायचंय? आधी या चुका टाळा

गाडी वळायला आळशी वाटते, अशी तक्रार करणाऱ्याच्या डोक्यात उपाय बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग, रुंद टायर, नाहीतर कुणीतरी सुचवलेला दुसऱ्या मॉडेलचा रॅक, म्हणजे डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा. गाडीखाली वाकून नेमकं काय ढिलं झालंय हे बघायचे कष्ट मात्र कुणी घेत नाही. आपल्या रस्त्यांवर पन्नास-साठ हजार किलोमीटर धावलेल्या हॅचबॅकचं स्टिअरिंग मंद वाटत असेल, तर दोष रॅकच्या दातांत क्वचितच सापडतो. तो असतो लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशमध्ये, रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडच्या टोकात, म्हणजे टाय रॉड एंडमध्ये, किंवा टायरच्या मऊ बाजूंमध्ये. हे तसंच ठेवून वर महागडे पार्ट चढवले, की खर्च होतो आणि गाडी हायवेवर बिचकायला लागते.

थोडा हिशेब आधी करून टाकू. नेहमीच्या मोटारीत स्टिअरिंगचं गुणोत्तर साधारण १४:१ ते १८:१ असतं. १६:१ म्हणजे पुढचं चाक एक अंश वळवायला हातातलं स्टिअरिंग सोळा अंश फिरवायचं. हे ठरतं रॅक आणि त्याला सरकवणाऱ्या छोट्या चक्राच्या, म्हणजे पिनियनच्या, दातांवर आणि चाकाजवळच्या स्टिअरिंग आर्मच्या लांबीवर. टायर, स्प्रिंग, पॉवर स्टिअरिंगची मोटर यांतलं काहीही बदललं तरी हा आकडा जागचा हलत नाही.

छोटं स्टिअरिंग बसवलं की झालं, हा समज

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कंपनीचं स्टिअरिंग साधारण ३७० मिलिमीटर व्यासाचं असतं, बाजारातली स्पोर्ट्स स्टिअरिंग ३२० ते ३५० मिलिमीटरची. पाव फेरी फिरवायला ३७० च्या स्टिअरिंगवर हात सुमारे २९ सेंटिमीटर सरकतो, ३३० च्या स्टिअरिंगवर २६. तीन सेंटिमीटर वाचले म्हणून चपळ वाटतं, पण फिरवायचा कोन तोच राहतो. वर जोर साधारण १२ टक्के जास्त लागतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाडीत पार्किंग करताना हे दंडांना चांगलंच कळतं.

खरा धोका एअरबॅगचा. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती याच स्टिअरिंगच्या पोटात असते. ती काढून तिथे सुंदर लेदरचं स्टिअरिंग बसवायचं, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझावा म्हणून वायरिंगमध्ये एक रेझिस्टर घालून यंत्रणेला फसवायचं, हा उद्योग सर्रास चालतो. मला तो शुद्ध वेडेपणा वाटतो. कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर स्टिअरिंगकडे बघून काय लिहील, ते वेगळंच.

ढिलेपणा न शोधता अपग्रेड करणं

ही तपासणी घरच्या पार्किंगमध्येही होते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चारही चाकं जमिनीवर, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाला आत बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जेमतेम दोन बोटं, पटापट हलवायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन बघा. सुरुवात पेडलच्या वर असलेल्या कॉलमच्या (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉस जॉइंटपासून. वरचा शाफ्ट हलतो आणि खालचा किंचित उशिरा हलतो, असं दिसलं तर तिथेच चोर सापडला. मग रॅकवर या. रॅकचा दांडा हलण्याऐवजी अख्खं हाउसिंगच डावी-उजवीकडे सरकत असेल तर ते धरून ठेवणारे रबर बुश गेलेत. रॅकच्या टोकाचं रबरी बूट चिमटीत दाबून धरलं की आतल्या रॅक एंडचा, म्हणजे रॅक आणि टाय रॉडच्या सांध्याचा, ‘टक-टक’ बोटांना लागतो. शेवटी टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचं मागचं मोठं बुश. या बुशला चीर गेली असेल, तर वळणाच्या सुरुवातीला चाक क्षणभर मागे सरकतं आणि मग वळतं. आपल्याला जो ‘आळस’ वाटतो तो पुष्कळदा हाच.

नंतर एकेक पुढचं चाक उचला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी चाक धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) लागला, तर संशय टाय रॉड आणि रॅक एंडवर. बारा आणि सहाच्या जागी लागला, तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग. या दोघांतला दोषी ओळखायला आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. उभ्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग मारताना ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडीच्या) वरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग बघा.

कोकणातल्या किंवा घाटावरच्या दोन पावसाळ्यांत फाटक्या बुटातून चिखल-पाणी आत गेलं की रॅक संपलाच म्हणून समजा. बूट स्वस्त असतं, रॅक नसतो.

‘रॅक टाइट करून देतो’

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. रॅकला दाब देणारा एक नट असतो, तो आवळला की प्ले कमी होतो हे खरं. पण रॅकची झीज मधल्या भागात होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. टोकाचे दात जवळपास नवे असतात. मधला प्ले जाईपर्यंत नट आवळला, की पूर्ण वळणाजवळ रॅक अडकायला लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि परत येत नाही. कंपनीने सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळणं ठीक आहे. त्यानंतरही प्ले उरला तर रॅक बदला. पत्नी-मुलांना घेऊन ताम्हिणी उतरताना अडकणारं स्टिअरिंग कुणालाच नको असतं.

अलाइनमेंटच्या नावाखाली जे चालतं ते

‘दादा, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे वाकडं राहतंय हो.’

‘दोनच मिनिटं साहेब, आत्ता सरळ करतो.’

आणि पोरगा हॉर्नचं पॅड उचकटून, मधला नट सोडून, स्टिअरिंग शाफ्टवर एक-दोन दात सरकवून पुन्हा ठोकून बसवतो. स्टिअरिंग सरळ दिसतं, साहेब खूश. पण रॅक अजूनही मध्यावर नाही, त्यामुळे गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. स्टिअरिंगमागे एअरबॅग आणि हॉर्नची पट्टीसारखी गुंडाळलेली वायर असते, क्लॉक स्प्रिंग म्हणतात तिला. तिचा मध्य चुकला की एखाद्या दिवशी पूर्ण वळणावर ती तुटते. ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर चुकीचं शून्य धरतो आणि दिवा पेटतो. शिवाय एअरबॅगचं पॅड असं उचकटणं हेच मुळात धोक्याचं.

योग्य रीत साधी आहे. आधी स्टिअरिंग सरळ करून क्लॅम्पने बांधायचं, मग दोन्ही टाय रॉड जुळवायचे. टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बरोबर असून फक्त स्टिअरिंग वाकडं असेल, तर एक बाजू जेवढी लांब तेवढीच दुसरी आखूड करायची. रॉड फिरवण्यापूर्वी रबरी बुटाची क्लिप सैल करायला हवी, नाहीतर बूट पिळवटून फाटतं. लॉकनट आवळताना टाय रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. काम झाल्यावर सेन्सरचं शून्य स्कॅनरने पुन्हा शिकवून घ्यायचं. हे सगळं तुमच्यासमोर झालं तरच अलाइनमेंट झालं म्हणा.

आता चपळपणाचा मुद्दा. चाकं पुढून किंचित फाकलेली ठेवली, म्हणजे टो-आउट दिला, तर गाडी वळणात पटकन शिरते. ट्रॅकवर हे करतात. रोजच्या गाडीत मात्र सरळ रस्त्यावर ती सतत इकडे-तिकडे वास घेत जाते, विशेषतः खोबणी पाडलेल्या काँक्रीटवर, आणि टायरची आतली कड बघता बघता गुळगुळीत होते. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, त्या वेगात असं स्टिअरिंग धरून दोन तास बसणं म्हणजे शिक्षा आहे. कंपनीच्या आकड्यांतच राहा. आणखी एक: आपल्या बहुतेक स्ट्रटवाल्या हॅचबॅकमध्ये पुढे फक्त टो जुळवता येतो. छापील रिपोर्टवर कॅस्टर (वळणाच्या अक्षाचा पुढे-मागे कल) किंवा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) लाल दिसला, तर खड्ड्यात काहीतरी वाकलंय. ते शोधायचं. ‘अॅडजस्ट करून टाका’ म्हणून ते सुटत नाही.

टायर निवडताना

कमी खर्चात खरा फरक इथे पडतो. स्टिअरिंग फिरवल्यावर आधी टायरची बाजू वाकते, मग गाडी वळते. ही बाजू जितकी बुटकी तितका उशीर कमी. २०१८ च्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर होते (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजू तिच्या ८० टक्के, रिम १४ इंच), वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. बाजूची उंची १३२ मिलिमीटरवरून १२० वर आली, पण पूर्ण टायरचा व्यास दोन्हींत ६२० च्या आसपासच. १९५/५५ आर१६ चा हिशेब केला तर व्यास तोच आणि बाजू १०७. म्हणजे आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा साइज घेतला की स्पीडोमीटर बिघडत नाही आणि वादही उरत नाही.

त्याच्या पुढे गेलात तर खड्ड्यात रिम वाकण्याची तयारी ठेवा. रिमचा ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) बदलून किंवा चाकामागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून चाकं बाहेर काढू नका. चाकाचा मध्य वळणाच्या अक्षापासून सरकतो, मग प्रत्येक खड्डा हातात झटका देतो आणि एका चाकाखाली पाणी आलं की ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. नवे पकडदार टायर फक्त पुढे आणि झिजलेले मागे, ही जोडी तर पावसात सगळ्यात वाईट. पुढचं टोक झटकन वळतं, मागचं घसरतं. हवा मात्र फुकट आहे: थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. चार-पाच पीएसआय कमी हवा असली तरी स्टिअरिंग लेचंपेचं लागतं, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं मला वाटतं.

स्प्रिंग कापणं

थोडक्यात, नको. गाडी खाली बसली की टाय रॉड आणि लोअर आर्मचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत. चाक उसळून वर गेलं की आपोआप थोडं वळतं. याला बम्प स्टिअर म्हणतात. सरळ रस्त्यावर एका चाकाखाली उंचवटा आला आणि स्टिअरिंग हातातून हिसकल्यासारखं झालं, तर हेच. अलाइनमेंटने ते जात नाही, मूळ उंचीच परत आणावी लागते.

खरोखर गुणोत्तर बदलायचं असेल तर

ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावरची वेळेची शर्यत) किंवा रॅलीची गाडी असेल, तर याला अर्थ आहे. कॉलममध्ये बसणारा क्विकनर म्हणजे एक छोटा गिअरबॉक्स. १.५:१ चा घेतला तर १६:१ चं गुणोत्तर साधारण १०.७:१ होतं, आणि हाताला लागणारा जोर त्याच प्रमाणात, दीडपट वाढतो. पॉवर नसेल तर हेअरपिनवर दंड भरून येतात. दुसऱ्या मॉडेलचा रॅक बसवताना दातांपेक्षा रुंदी बघा. रॅक एंडची आतली टोकं लोअर आर्मच्या सांध्यांशी जुळली नाहीत तर बम्प स्टिअर विकत घेतला म्हणायचं. रॅकचा प्रवास मूळपेक्षा जास्त असेल, तर पूर्ण वळणावर टायर आत घासतो आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर नको तेवढा कोन येतो.

कॉलम शाफ्ट कापून वेल्डिंग करून जोडणं कुठल्याही परिस्थितीत करू नका. टाय रॉडला उष्णता देऊन सरळ करणंही तसंच. स्टिअरिंगमध्ये तुटण्याआधी इशारा मिळेलच असं नसतं. शाफ्टच्या दातांना (स्प्लाइनला) बसणारा तयार अॅडॉप्टर मिळत नसेल तर ते काम सोडून द्या.

आणि हायवेवर चालणाऱ्या गाडीला हे गुणोत्तर सोसत नाही. बीएमडब्ल्यूने २००३ मध्ये ५ सीरिजमध्ये अॅक्टिव्ह स्टिअरिंग आणलं, तेव्हा कमी वेगात १०:१ च्या आसपास आणि जास्त वेगात २०:१ पर्यंत जाणारी व्यवस्था केली, ती याच कारणासाठी. शंभरच्या वेगात शिंक आली तरी लेन बदलू नये.

पॉवर स्टिअरिंगशी खेळ

‘फील’ यावा म्हणून इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढणारे महाभाग आहेत. मग बंद मोटर आणि तिचा गिअर आपल्याच हातांनी फिरवावा लागतो, त्यात फील कसला. स्टिअरिंग मधूनच जड होत असेल, तर रॅकच्या आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा, या मोटरला करंट भरपूर लागतो. हायड्रॉलिक असेल तर टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल घाला. वळताना पंप कण्हत असेल तर ऑइल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. पावसात वळताना चिरकला, तर बेल्ट सैल आहे. पूर्ण वळवून स्टिअरिंग तसंच दाबून धरायची सवय मात्र सोडा, त्याने पंप तापतो.

काम कुठलंही करून घेतलं तरी लॉकनटवर रंगाची एक रेघ ओढून घ्या, नट आणि रॉड दोघांवरून जाणारी. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. गाडी तशीच पुन्हा अलाइनमेंटला न्या, हायवेला नको.