उतारावर न्यूट्रल: अण्णा सांगायचे, मी ऐकलं नाही

माझे वडील, अण्णा, जाऊन तीन वर्षं होतील. तीसेक वर्षं त्यांनी लासलगावहून वाशी मार्केटला कांदा वाहिला. जड वाहनाचं लायसन नवीन हातात पडलेली पोरं मला विचारतात, सुरुवात कुठून करू? लायसनचं मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. फक्त टेस्ट न देता लायसन आणून देणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. मैदानात रिव्हर्स जमत नाही, तो भरलेली गाडी घेऊन कसारा घाट काय उतरणार?

मी मात्र टेस्ट देऊन पास झालेलो, तरी फसलो.

माझा पहिला मालक ॲव्हरेज ठरवून द्यायचा. कमी पडलं की भत्त्यातून कापायचा. मग एका जुन्या ड्रायव्हरनं कानमंत्र दिला, उताराला न्यूट्रल मार, डिझेल वाचतं. असले उस्ताद प्रत्येक ढाब्यावर भेटतात. इगतपुरी सोडली, कसारा घाटाचा उतार लागला आणि मी गाडी न्यूट्रल केली.

आता नीट ऐका. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांना धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. दाब-सोड, दाब-सोड केलं की लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तापतात, ड्रम तापून फुगतो, पकड सुटते. वर हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो आणि इंजिन तर नुसतं घुरघुरतंय, म्हणजे भरतं कमी, जातं जास्त. हवेच्या दाबाचा काटा खाली येताना दिसतो. तेव्हा गिअर टाकायला जावं तर वेगामुळे तो पडत नाही, नुसता खरखरतो. त्यात गंमत अशी, की आजच्या बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचवायचं म्हणून जीव टांगला, आणि वाचलं काहीच नाही.

मी डोंगराच्या बाजूच्या चरात गाडी घातली. केबिनची डावी बाजू गेली, मी वाचलो. नुकसान पगारातून कापलं.

अण्णा एसटीनं आले. हातात डबा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शिव्या खायची माझी तयारी होती. त्यांनी चाकाजवळ बसून जळक्या लायनरचा वास घेतला आणि विचारलं, "काटा बघत होतास का रे?" मग म्हणाले, "आधी जेव."

पुढच्या खेपेला ते शेजारी बसले. गुडघे दुखत होते तरी. ज्या गिअरनं हा घाट चढशील, त्याच गिअरनं उतरायचं, एवढंच बोलले. मागून हॉर्न वाजत होते, मला लाज वाटत होती. ते खिडकीबाहेर बघत सुपारी कातरत होते.

घाबरून हा धंदा सोडू नका. पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं, मी तर दोनदा घरी निघून आलो होतो. पण अण्णांसारखं घर सांभाळून गाडी चालवायची तर एक सवय लावून घ्या. त्यांच्या डायरीत पुढून डिझेल आणि भाडं असायचं, मागून आम्हा भावंडांच्या फीच्या तारखा. फीच्या आठवड्यात ते लांबचं भाडं घेत नसत. मालक कुरकुरायचा.

तशीच एक डायरी आता माझ्या डॅशबोर्डवर असते. मागची पानं अजून कोरी आहेत, पोरगी जूनमध्ये शाळेत जाईल.