ऑर्गनवाले म्हणाले, "ताई, शब्द बसवा"

पंधरा वर्षं मी संगीत नाटकात गायले, नाइटचं, म्हणजे प्रयोगामागच्या मानधनाचं, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि घरी गेले. मग स्वतःचं नाटक उभं करायची खुमखुमी आली. करू नका असं मी कुणाला सांगणार नाही. बालगंधर्वांनी १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंब्यांबरोबर नाटक कंपनी काढली, पुढे कर्ज डोक्यावर बसलं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. तरी आपण काढतोच.

संहिता मंजुरीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवणं, नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, सामानाचा टेम्पो, बॅकस्टेजची माणसं हे सगळं एखादा बरा व्यवस्थापक शिकवतो. मी अडकले ती चालीत.

नाटक नवं, पदं म्हणजे त्यातली गाणी मीच लिहिलेली. दुसऱ्या अंकातल्या एका पदाला काही केल्या चाल मिळेना. आमच्या ऑर्गनवाल्यांनी सगळ्यांच्या कानात असलेली एक जुनी चाल वाजवली आणि म्हणाले, "ताई, शब्द बसवा. नाट्यसंगीतात चाली अशाच फिरतात." खोटं नव्हतं ते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा असे लोकांच्या कानात बसलेले जुने छंद सगळे वापरले. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी जुन्या बंदिशींवर, म्हणजे रागातल्या जुन्या रचनांवर, पदं बांधली. मी शब्द बसवले.

तिसऱ्या प्रयोगाच्या दुपारी, मी तोंडाला रंग लावत असताना, ती जुनी चाल ज्यांची, त्या संगीतकारांच्या घरून फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "विचारलं असतंत तर नाही म्हटलं नसतं."

तर नीट ऐका. राग कुणाचा नसतो, पारंपरिक बंदिश कुणाची नसते. पण संगीतकाराने बांधलेली चाल त्याची असते आणि त्याच्यामागे साठ वर्षं वारसांची. साठ वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. नाटककाराचा हिशेब वेगळा, संगीतकाराचा वेगळा. 'मानापमान' १९११ चं. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून शब्द २००९ पासून मोकळे. चाली बांधणारे टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून चाली मोकळ्या व्हायला २०१६ उजाडलं. मधली सात वर्षं नाटक मोकळं होतं, पण त्याचं गाणं नव्हतं! संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले. त्यांच्या 'कट्यार काळजात घुसली'च्या चालींना २०५८ संपेपर्यंत विचारल्याशिवाय हात लावू नका. लेखकाच्या घरची परवानगी खिशात आहे म्हणून निर्धास्त राहाल, तर फसाल. आणि शब्द बदलले म्हणून चाल आपली होत नाही. हे मी तीनदा लिहिलं असतं तरी चाललं असतं.

त्या दिवशी ते पद गाळून प्रयोग केला. पुढच्या बारा दिवसांत नवी चाल बांधली. पण गळ्याला कोण सांगणार? चौथ्या प्रयोगात अंतऱ्याला मी सरळ जुन्या चालीतल्या जागेवर गेले. तबलजींनी मान वर करून पाहिलं, ऑर्गनवाले दोन मात्रा नुसते सूर धरून बसले. प्रेक्षकांना कळलं नसावं. मला घाम फुटला होता.

एवढं ऐकून घाबरू नका. नंतर दुसऱ्या एका पदासाठी मी वेळेत चिठ्ठी लिहिली, तर त्या घरच्यांनी चहा पाजला, मानधन किरकोळ सांगितलं आणि एका पानावर सही दिली. बहुतेक घरांना पैशापेक्षा विचारणं हवं असतं.

ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर, गायचा सल्ला देणारे भेटतील, ऑर्गन-तबल्याच्या दोन नाइट वाचतात म्हणून. रेकॉर्डिंगचा हक्क आणखी तिसऱ्याचाच असतो ते सोडा. वन्समोअर आला तर मशीन काय, मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून? माझ्या मते तो प्रकार संगीत नाटकच नव्हे. आणि गुरूंना निर्मितीतलं विचारू नका. माझ्या गुरूंनी गाण्यात जागा कशी घ्यायची ते शिकवलं, करारावर सही कुठे घ्यायची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ऑर्गनवाल्यांवर राग नाही. ते आजही माझ्याचकडे वाजवतात. फक्त आता ते सूर धरण्याआधी विचारतात, "ताई, ही कुणाची?"

पुढची तारीख मिळाली आहे, रविवार, दुपारचं सत्र. तिसऱ्या अंकातलं एक पद अजून चालीवाचून पडलंय.