वाळूच्या लाइनवरचा शेवटचा बेंड

मेकॅनिकल डिप्लोमा करून नाशिकजवळच्या अंबडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेंटेनन्सला लागलो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत मी एकाच बेंडवर, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्यावर, चार ठिगळं मारून घेतली. कोअर शॉपला, म्हणजे ओतकामात आतली पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे (कोअर) बनतात त्या विभागाला, कोरडी सिलिका वाळू हवेच्या दाबानं पाइपमधून जाते. खाली वाळू दाबानं ढकलणारी ब्लो टँक, वर कोअर बनवणाऱ्या यंत्राच्या (कोअर शूटरच्या) डोक्यावर वाळू साठवणारा हॉपर आणि मधे पाच बेंड. फुटायचा तो नेहमी शेवटचा. बाहेरच्या अंगाला नखाएवढं भोक पडायचं, वाळूची पिचकारी सुटायची आणि मी वेल्डरला बोलवायचो.

चौथ्या ठिगळाच्या वेळी आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, पहिला बेंड बसवल्यापासून तसाच आहे. ह्यालाच काय झालंय, ते बघा की."

पाइप तोच, वाळू तीच, पाचही बेंड एकाच मापाचे. फरक होता हवेच्या वेगाचा. ब्लो टँकवर गेज २ बार दाखवत असेल, तर वातावरणाचा धरून खरा दाब ३ बार. हॉपरला पोचेपर्यंत तो १ बारवर येतो, म्हणजे हवा तिप्पट फुगते. पाइप सगळीकडे ४ इंचीच असेल, तर सुरुवातीला सेकंदाला १० मीटरनं निघालेली हवा शेवटी ३० मीटरनं धावते. आणि झीज वेगाच्या साध्या पटीत वाढत नाही. ती साधारण वेगाच्या अडीच ते तिसऱ्या घातानं वाढते. वेग तिप्पट झाला की झीज १५ ते २७ पट. हे गणित वहीत मांडलं त्या दिवशी माझं लक्ष त्या भोकावरून उठलं आणि मी लाइन ब्लो टँकपासून पुढं चालत तपासायला लागलो.

नव्यानं या कामात येणाऱ्यांनी एक सवय आधी ओळखावी. लाइन चोक झाली, म्हणजे वाळूनं तुंबली, की शिफ्टचा माणूस हवेचा रेग्युलेटर थोडा वाढवतो. चोक निघतो, पण वाढवलेली हवा कुणी परत कमी करत नाही. वेग नुसता २० टक्के वाढला तरी झीज दीडपटीहून जास्त होते. शिवाय वाळूचे कण फुटून बारीक भुकटी वाढते आणि कोअरला रेझिन, म्हणजे वाळू बांधणारा चिकट पदार्थ, जास्त लागतं. म्हणून रेग्युलेटरवर खूण करून ठेवा आणि रोज बघा. मात्र हवा कमी करताना टप्प्याटप्प्यानं करा. वेग फार पडला की वाळू पाइपच्या तळाशी बसते आणि लाइन पुन्हा चोक होते.

आता बेंडच्या आकाराबद्दल. कसारा घाटात एसटीत उभं राहून प्रवास केला असेल, तर वळणावर अंग बाहेरच्या बाजूला कसं फेकलं जातं ते आठवा. हवा वळते, वाळूचा कण सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतो. माझी समजूत होती की वळण जितकं मोठं तितकी झीज कमी. साध्या स्टीलच्या बाबतीत ही समजूत घात करते. पाइपच्या व्यासाच्या पाचपट त्रिज्येचा बेंड घेतला, तर मधल्या रेषेतला कण भिंतीवर सुमारे २५ अंशांत आपटतो. स्टीलसारखे मऊ धातू २० ते ३० अंशांच्या तिरक्या माऱ्यातच सर्वांत जास्त खरवडले जातात. सिरॅमिकचं उलट आहे. ते तिरका मारा छान सोसतं, पण समोरून काटकोनात बसलेल्या माऱ्यानं त्याचे टवके उडतात. म्हणून मोठ्या त्रिज्येचा बेंड घ्यायचा तर आतून अ‍ॅल्युमिनाच्या टाइल्स लावलेला घ्या. दुसरा मार्ग बंद तोंडाच्या टीचा, म्हणजे एक तोंड बंद केलेल्या इंग्रजी T आकाराच्या जोडाचा. टोकाशी वाळूचाच साठा होतो आणि येणारी वाळू त्या वाळूवर आपटते. तो स्वस्त पडतो, पण दाब जास्त खातो, आणि चिकट मालाला अजिबात चालत नाही.

आम्ही चौथ्या बेंडच्या आधी पाइप ४ चा ५ इंची केला. तिथला वेग जवळपास ६४ टक्क्यांवर येतो, म्हणजे झीज एक तृतीयांशाच्या आसपास. हे रुंदीकरण सुरुवातीलाच केलं असतं तर लाइन चोकच झाली असती. जागा हिशेबानं ठरवावी लागते. शेवटच्या बेंडला टाइल्स लावल्या, आणि त्याच्या पुढच्या सरळ तुकड्यालाही, कारण बेंडमधून उसळलेली वाळू तिथंही आपटते. फ्लँज (पाइपच्या तोंडाच्या जोडचकत्या) जोडताना मधलं गॅस्केट आत डोकावू देऊ नका आणि दोन तोंडांत पायरी राहू देऊ नका, नाहीतर त्या कडेच्या लगेच पुढचा पाइप पहिला जातो. ठिगळाचंही तेच. आत उरलेली कड नवी भोवऱ्याची जागा तयार करते.

शिकायचं काय, असं मुलं विचारतात. पहिल्या पगारातून वही घ्या, एवढंच मी सांगतो. प्रत्येक बेंडच्या बाहेरच्या कमानीवर ऑइल पेंटनं आकडे टाका आणि दर महिन्याला त्याच बिंदूंवर अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणारं उपकरण, लावा. आधी माहीत असलेल्या जाडीच्या टेस्ट ब्लॉकवर गेज तपासा, रंग खरवडा, जेल लावा. ४ इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा एक ठरलेला वर्ग) पाइपची भिंत ६ मिमीची असते, ती कुठं किती उतरते ते चार-पाच रीडिंगांत दिसायला लागतं आणि बदली बेंड भोक पडायच्या आधी मागवता येतो. टाइल्सवाल्या बेंडला हे गेज उपयोगी नाही, तो उघडूनच बघावा लागतो. अल्ट्रासॉनिक तपासणीचं लेव्हल २ प्रमाणपत्र मिळवलंत तर सातपूर, अंबड, सिन्नरकडे मुलाखतीत वेगळं बोलता येतं. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाची राख हवेनं वाहणाऱ्या लाइनांना वेगाचा हाच हिशेब लागू पडतो.

आणि सिलिकाची धूळ. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. भोक दिसलं की आधी लाइन बंद करा, पिचकारीच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका, धूळ झाडू नका, व्हॅक्यूमनं ओढा. ब्लो टँकचा दाब शून्यावर आला, वाल्व्हला कुलूप लागलं आणि चावी तुमच्या खिशात आली की मगच वेल्डरला शिडीवर चढवा.